खालीराव, राहणार सातपहाड

प्रेमिलाबाई गजभिये यांच्या हाताखालून माझ्या पक्षकारांची निदान चार हजार प्रतिज्ञापत्रं गेली असतील, आणि त्यांतल्या एकातही मला वेलांटीची चूक सापडलेली नाही. चुका माझ्या असायच्या. मी घाईघाईत वय सांगायची, तारीख सांगायची, आणि मध्येच बाईंची बोटं थांबायची. चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्या विचारायच्या, "मॅडम, हा माणूस बापाच्या आधी जन्मला का?" मग मी मुकाट्यानं फाईल उघडून पुन्हा बघायची.

नागपूरच्या कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली पत्र्याचं शेड आहे, तिथे त्यांचं टेबल. जरीपटक्याच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मराठी चाळीसची, म्हणजे मिनिटाला चाळीस शब्दांची, परीक्षा पास होऊन त्या इथे बसल्या, त्याला आता बत्तीस वर्षं झाली. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, तोही गेला आणि लॅपटॉप आला. बाई त्याच खुर्चीवर. पण काम आटलं. वकील आपापल्या ऑफिसात टाइप करून घेऊ लागले, निम्मे अर्ज ऑनलाइन गेले, आणि दुपारी एक ते तीन हा वेळ बाईंना खायला उठायचा. नवरा कधीचाच गेलेला, मुलगी काजल लग्न होऊन रायपूरला. घरी जाऊन तरी काय करणार?

सातपहाड त्यांच्या लॅपटॉपवर मीच घालून दिला. हा एक खेळ आहे, पण त्यात चित्र नाही, आवाज नाही, पळणारी माणसं नाहीत. नुसती मराठी अक्षरं. "तू जंगलात आहेस. उजवीकडे पाण्याचा आवाज येतो," असं पडद्यावर उमटतं. तुम्ही लिहायचं, "उजवीकडे जा." मग पुढचं उमटतं. त्याच जंगलात त्याच वेळी आणखी शंभर-दीडशे माणसं आपापल्या घरून हिंडत असतात, एकमेकांशी बोलतात, भांडतात, लांडग्यांच्या तोंडी जातात. मी सहा वर्षं खेळते आहे आणि अजून लांडग्यांच्याच तोंडी जाते.

लोक मला विचारतात, यात एवढं काय आहे? मी वकील असल्यामुळे माझ्याकडे उत्तर तयार असतं. पहिलं म्हणजे ते जंगल माझं असतं. पडद्यावर "जंगल" एवढाच शब्द येतो. झाडं मी लावते. दुसरं म्हणजे तिथे तुमचा चेहरा, वय, पगार काही दिसत नाही, आणि सगळ्यात मोठी गोष्ट, आडनाव कोणी विचारत नाही. आपल्याकडे माणूस नाव सांगून थांबला की समोरचा "पुढे?" म्हणून वाट बघतो. सातपहाडात तुम्ही जे लिहाल तेवढेच तुम्ही. चांगलं लिहिलंत तर चांगले, आणि वायफळ लिहिलंत तर लोक वाट बदलून जातात.

तर बाईंनी पहिल्यांदा खेळ उघडला तो दिवस. पडद्यावर आलं: "उंबरठ्यावर कोणीतरी उभा आहे, की उभी? एका वाक्यात सांग, तू कोण." खेळ मराठी असल्यामुळे पुरुष की स्त्री असं वेगळं विचारत नाही. वाक्य वाचतो, क्रियापद बघतो आणि समजून जातो. "मी" नंतर येईल तो शब्द नाव म्हणून घेतो.

आता बत्तीस वर्षं ज्या बोटांनी एकच वाक्य लिहिलं, ती बोटं "मी" म्हटल्यावर थांबतात होय? बाईंना काही कळायच्या आत टाइप झालं, "मी खाली सही करणार सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की". आणि "की" नंतर त्या नेहमी नवी ओळ घेतात, म्हणून बोट एंटरवर पडलं. प्रतिज्ञापत्र करणाऱ्या दहांत आठ पुरुष असतात, त्यामुळे "करतो" हेच हातात बसलेलं.

खेळ म्हणाला, "ये, खाली. तू पुरुष आहेस. पायांत वहाणा नाहीत. समोर तीन वाटा आहेत."

मी हसून हसून लोळले. मग म्हटलं, तीन दिवसांत नाव बदलता येतं, बाई, बदलून देते. त्या पडद्याकडे बघत होत्या.

"राहू द्या, मॅडम. बत्तीस वर्षं नुसतं 'करतो' टाइप केलं. आता जरा करून पाहतो."

असा खालीरावांचा जन्म झाला. "राव" नंतर लोकांनी जोडलं, आणि ते कमावलेलं होतं. सातपहाडात एका नाल्यावर पूल आहे आणि पुलावर हाडक्या नावाचा राक्षस बसलेला असतो. लोक त्याच्यावर तलवार घेऊन धावतात आणि मरतात. अशा राक्षसांच्या मागे कधी कधी खेळ चालवणाऱ्यांपैकी कोणीतरी खरं माणूस बसलेलं असतं. खालीरावांकडे तलवार नव्हती. त्यांनी पुलासमोर बसून अर्ज लिहिला. "प्रति, श्री. हाडक्या यांस. विषय: पुलावरून पलीकडे जाण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, अर्जदार हा अनवाणी असून..." पूर्ण दीड पान. शेवटी "आपला विश्वासू". राक्षस पाच मिनिटं गप्प होता. मग पडद्यावर आलं, "अर्ज मंजूर."

दुसऱ्या दिवसापासून पुलाशी रांग लागली. जो तो खालीरावांकडून अर्ज लिहून घेऊ लागला. खालीराव प्रत्येकाला तेच विचारायचे जे बाई शेडमध्ये प्रत्येक पक्षकाराला विचारतात: "तुमचं म्हणणं काय आहे ते तुमच्या शब्दांत सांगा." हे वाक्य साधं वाटतं, पण माणसाला असं कोणी विचारत नाही हो. एकदा विचारलं की माणूस पुलाचं सोडून भलतंच सांगायला लागतो. सासूचं, साहेबाचं, गुडघ्याचं. खालीराव सगळं वाचायचे, दोन ओळींत उत्तर द्यायचे, आणि एकाचं दुसऱ्याला कधी सांगायचे नाहीत. मी शेजारी बसून डब्यातली पोळी खात असायची, मला सुद्धा नाही.

"बाई, एवढं काय आवडतं तुम्हाला यात?" मी एकदा विचारलं.

"इथं मी जे लिहिते, ते मले कोणी सांगितलेलं नसते," त्या म्हणाल्या आणि पुन्हा टाइप करू लागल्या.

त्या रांगेत प्रीतम होता. खेळातलं नाव वाघमाऱ्या, पण वाघ राहिला बाजूला, पुलावरच तीनदा मेला. चौथ्यांदा खालीरावांनी अर्ज लिहून दिला. पोरगा सत्तावीस वर्षांचा, हिंगण्याच्या एका कारखान्यात कामाला. पहिली पाळी संपली की कंपनीच्या बसमध्ये बसून मोबाइलवर खेळायचा. वडील तो सातवीत असताना गेले. आईचं नाव सिंधूताई, कामगारांचे डबे करून तिनं याला वाढवलं. हे त्यानं खालीरावांना सांगितलं, आणि आणखीही पुष्कळ. काका, साहेबाशी कसं बोलू? काका, मोटारसायकल घेऊ का थांबू? खालीराव "काका" केव्हा झाले ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. दोन वर्षांत एकही कामाचा दिवस असा गेला नाही की पावणेतीनच्या सुमाराला बाईंच्या पडद्यावर "काका, जेवले का?" उमटलं नाही. ते उमटेपर्यंत बाई टेबल आवरायच्या नाहीत. मी त्यांना चिडवायची, पण मला माहीत होतं की दिवसभरात त्यांना जेवणाचं विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

मग गेल्या फेब्रुवारीत एक दिवस मी फाईल घेऊन शेडमध्ये गेले तर बाईंची बोटं की-बोर्डवर नुसती ठेवलेली. चालत नव्हती. असं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला.

"काका, माझं लग्न जमून राहिलं. मुलगी कामिनी, कळमन्याची. तिचे बाबा मधुकरराव मार्केट यार्डात अडत्या आहेत. रविवारी बैठक आहे. आमच्याकडून बोलणारा माणूस नाही. सख्ख्या काकानं वावराच्या वादात तोंड फिरवलं. तुम्ही या ना काका. तुम्ही बोलले म्हणजे मले कसली भीती नाही."

ज्यांना आपल्याकडची बैठक ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मुलगा-मुलीची पसंती झाली तरी बैठकीशिवाय लग्न ठरत नाही. दोन्हीकडचे वडीलधारे पुरुष सतरंजीवर समोरासमोर बसतात, तारीख, मानपान, सगळं तिथे ठरतं. एका बाजूला बोलणारंच कोणी नसेल तर पोरगा उघडा पडतो. बाया आतल्या खोलीत पोहे करतात आणि पडद्याआडून ऐकतात. मी वकील आहे, दिवसभर न्यायाधीशांसमोर बोलते, आणि माझ्या स्वतःच्या बैठकीत मी पोहेच केले होते. तो राग माझा अजून गेलेला नाही.

"आता?" मी म्हटलं. "लिहून टाका त्याला. मी बाई आहे म्हणून."

"लिहूनच तर दोन वर्षं फसवलं, मॅडम. आता लिहून नाही सांगत."

"मग जाऊच नका. आजारी आहे म्हणा."

"अन् पोरगा एकटा बसन तिथं?" त्या जरा मोठ्यानंच म्हणाल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "गेली तर माझा प्रीतम जाते. नाही गेली तर त्याच्याकडून बोलणारं कोणी नाही. काय करू?"

बाईंनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि एक शब्द टाइप केला, "येतो."

रविवारी सकाळी मी त्यांना स्कूटरवर घेऊन कळमन्याला गेले. त्यांनी जांभळी सुती साडी नेसली होती, इस्त्रीची. मार्केट यार्डाच्या फाटकाशी संत्र्यांच्या गाड्या लागलेल्या, हमालांची आरडाओरड. तिथे प्रीतम उभा होता, निळा शर्ट, हातात मिठाईचा डबा. मी त्याला ओळखलं ते त्याच्या मान उंचावून बघण्यावरून. प्रत्येक पांढऱ्या केसांच्या पुरुषाकडे तो आशेनं बघत होता. आमच्याकडे त्यानं बघितलंही नाही.

"प्रीतम," बाई म्हणाल्या. "मी खालीराव."

तो हसला. "काका गाडी लावून राहिले का?"

"नाही. मीच. तू पुलावर तीन वेळा मेला. चौथ्या वेळी मी अर्ज लिहिला. तुह्या मोटारसायकलीचा रंग तुले काळा पाहिजे होता, मी लाल घे म्हटलं, तू काळाच घेतला."

त्याचं हसू हळूहळू उतरलं. पोरगा लाल झाला, मग पांढरा. मला वाटलं आता डबा फेकतो.

"मी तुमाले बाबाचं सांगतलं होतं," तो म्हणाला. "ते मी माईलेही नाही सांगतलं. माणूस समजून सांगतलं मी."

"माहीत आहे."

"तुमी खोटं बोलल्या."

"हो. बोलली."

वडिलांचं ते काय होतं मला आजही माहीत नाही आणि बाई सांगणार नाहीत. त्यांनी सफाई दिली नाही, नाव खेळानंच ठेवलं वगैरे काही नाही. मला राहवत नव्हतं. मी तोंड उघडलं, तर बाईंनी हातानंच मला गप्प केलं.

"तुले राग आला, तो बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तू वापस जा म्हटलं तर जाईन. पण एक सांग. माई कुठं आहे?"

प्रीतमनं रस्त्यापलीकडे पाहिलं. तिथे मारुतीचं लहानसं देऊळ होतं, आणि ओट्यावर एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. हिंगण्याहून एवढ्या लांब आलेली आणि रस्त्याच्या अलीकडे येत नव्हती.

"ती तिथंच बसन. सारं ठरलं का बोलावू. विधवा बाई बैठकीत बरी नाही दिसत म्हणते. तिचंच म्हणणं आहे."

"तिचं म्हणणं तिच्या शब्दांत इचारलं का तू कधी?"

प्रीतम मिठाईच्या डब्याची दोरी बोटाला गुंडाळू लागला.

"दोन वर्षं तू माझं ऐकलं, प्रीतम. साहेबाशी कसं बोलायचं, पैसे कुठं ठेवायचे, कामिनीले काय सांगायचं. काही चुकलं का त्यात?"

"नाही."

"ते सारं बाईचंच होतं गा. विधवा बाईचं. तेव्हा बरं दिसत होतं. मंग आज तुह्या माईनं काय केलं?"

एक ट्रक हॉर्न वाजवत मधून गेला. तो गेला तेव्हा प्रीतम रस्ता ओलांडत होता. ओट्यापाशी मायलेकांचं काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. सिंधूताई दोनदा मान हलवून नाही म्हणाल्या, एकदा पिशवी छातीशी धरली. मग प्रीतमनं ती पिशवी त्यांच्या हातातून घेतली आणि पुढे चालू लागला, तशा त्या मागे निघाल्या.

मधुकररावांच्या घरी सतरंजीवर पाच पुरुष बसले होते आणि समोरची बाजू रिकामी होती. आम्ही तीन बाया आणि एक नवरदेव आत शिरलो, तेव्हा त्यांच्यातल्या एकानं आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. "बाया तिकडं." माझी नोटीस जिभेवर आली होती. पण प्रीतमनं आईचा दंड धरला आणि तिला सतरंजीवर, मधोमध, आपल्या शेजारी बसवलं. आम्ही दोघी जरा मागे बसलो. मधुकररावांनी आमची नावं विचारली, थांबून आडनावंही विचारली. बाईंनी सांगितलं. कोणी काही बोललं नाही, आणि चहा आला.

मधुकरराव वाईट माणूस नव्हते. गोंधळले होते. त्यांनी कप खाली ठेवला, घसा साफ केला आणि म्हणाले, "बरं. मग मुलाकडून बोलणार कोण?"

प्रीतमनं मागे वळून प्रेमिलाबाईंकडे पाहिलं. राग होता, तरी पाहिलं. दोन वर्षांची सवय. बाईंजवळ शब्द नव्हते असं नाही. त्यांना मी ओळखते, त्यांनी आख्खं भाषण मनात टाइप करून ठेवलं असणार. त्यांनी चहाच्या कपात बघितलं आणि ओठ मिटून घेतले. मी त्यांच्या हाताकडे पाहिलं, तर बोटं मांडीवर हलत होती.

आतल्या खोलीतलं कुजबुजणं थांबलं.

"मी बोलते ना, भाऊ," सिंधूताई म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण थांबला नाही. "हा सातवीत होता तवापासून मीच बोलून राहिली याच्याकडून. शाळेत मीच बोलली. दवाखान्यात मीच बोलली. कंपनीच्या गेटवर आठ दिवस उभी राहून मीच बोलली. तिथं कोणी नाही म्हटलं का माणूस आना म्हून. पोरगा चांगला हाये माझा. चुकला त माझ्याकडं तक्रार घिऊन या. दुसऱ्या कोणाकडं नोका जाऊ."

मधुकररावांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. त्यांच्या बाजूचे चौघे सतरंजीची वीण निरखत होते. आतून, पडद्यामागून, कोणीतरी खाकरलं. बहुतेक त्यांची बायको होती.

"बोला मग, विहीणबाई," मधुकरराव म्हणाले.

सिंधूताईंनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच तारखेवर आल्या. एप्रिल नको, डब्यांचं काम जोरात असते, मेमध्ये करू. पुढचा पाऊण तास त्या बोलल्या आणि पाच पुरुषांनी ऐकलं. मला इतकं बरं वाटत होतं की माझी स्वतःची बैठकही थोडी भरून आली. प्रेमिलाबाई मात्र भिंतीला टेकून गप्प बसल्या होत्या. काम झालं होतं. पोरगा एकटा पडला नव्हता. पण तो एकदाही मागे वळून बघत नव्हता, आणि त्यांचा चहा तसाच गार झाला होता.

शेवटी मिठाई वाटली गेली. सगळे उठू लागले. बाईही गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागल्या, तेवढ्यात समोर एक वाफाळलेला कप आला. प्रीतमच्या हातात होता. त्याचा चेहरा अजून फुगलेलाच होता.

"तो थंडा झाला असन," तो म्हणाला. "हा घ्या, काका."

मधुकरराव लगबगीनं दाराकडे वळले, हे कोण काका आले म्हणून.